मुद्दाम न हरणारा खेळाडू

सुजय म्हात्रे रोह्याच्या एका कारखान्यात शिफ्टवर जातो आणि पेणला आमच्या शेजारी राहतो. त्याचे वडील दत्तात्रेय धरमतरच्या जेट्टीवर मुकादम होते. बुद्धिबळात त्यांना हरवणारा आळीत विरळा. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, आणि त्यानंतर ते प्रत्येक डाव जिंकू लागले. मित्र मुद्दाम हरत होते. हे लक्षात आल्यावर त्यांनी खेळणंच सोडलं.

सुजयने त्यांच्यासाठी संगणकावर बुद्धिबळ लावून दिलं. सोप्या पातळीवर संगणक चांगला खेळता खेळता मधेच वजीर मारायला देई. तिसऱ्या डावात म्हाताऱ्याने कीबोर्ड ढकलून दिला.

"ह्यो पण भीकच घालतोय मना."

मग ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. ताटातलं अर्धं तसंच परत जाई. बाबा आता उठायचे नाहीत, अशी सुजयला धास्ती बसली.

त्या प्रोग्रॅममध्ये आपल्याला हवा तसा खेळाडू बनवता येतो. कुठल्या मोहऱ्याला किती किंमत द्यायची, किती चाली पुढचं पाहायचं, मुद्दाम किती चुकायचं, सगळं ठरवता येतं. सुजयने मुद्दाम चुकणं बंद केलं, नजर आखूड केली आणि किमती बदलून आठ-दहा खेळाडू तयार केले. मग त्यांची आपसात स्पर्धा लावली. पहिला येणारा त्याला नकोच होता. बाबांच्या ताकदीचा, मधला हवा होता.

स्पर्धा सुरू करून तो कामाला निघे, आणि वाटेत नागोठणं येण्याआधीच घरी फोन करी.

"लाईट आहे ना?"

"आहे हो. आता स्पर्धेला चहा पण देऊ का?" त्याची बायको पूजा म्हणे.

अखेर एक खेळाडू गुणतक्त्यात बरोबर मध्यावर आला. सुजय खूश. पूजा मात्र म्हणाली, "त्याचे डाव बघितलेत? हत्ती नुसता इकडून तिकडे येरझाऱ्या घालतो. सगळे डाव बरोबरीत. बाबा संगणक खिडकीबाहेर टाकतील."

सुजयने फक्त गुण पाहिले होते, एकही डाव उघडला नव्हता. त्याने चढाईचा जोर वाढवला, पुन्हा स्पर्धा लावली आणि या वेळी मध्यावर आलेल्याचे डावही दोघांनी पाहिले.

रविवारी तो खाटेजवळ गेला. "बाबा, एक डाव."

"आणि हरलो तर?"

"तर हरलात."

म्हातारा उठून बसला.

डाव लांबला. शेवटी दत्तात्रेय जिंकले, पण हसले नाहीत. "मागं ने. अजून मागं." ते एकेक चाल तपासू लागले. पूजा हातातलं पीठ तसंच ठेवून दारात उभी राहिली.

एका चालीवर म्हाताऱ्याने बोट टेकलं. "ह्यो उंट इथं कशाला आणला?"

सुजय पडद्याकडे वाकला.

"माझा घोडा कोंडायला आला व्हता. मागून माझा वजीर येतोय, ते त्याला दिसलं नाय?"

"नाय दिसलं."

"का तूच दिसू दिलं नाय?"

"त्याची नजरच तेवढी हाय, बाबा. जेवढं दिसलं तेवढ्यावर तो जिंकायलाच आला होता."

दत्तात्रेयांनी उंटावरचं बोट काढलं.

"पुन्हा मांड," ते म्हणाले. "आता काळी मना दे. पहिली चाल त्याला करू दे."