गावरानी कुत्र्याचा पहिला नंबर

हे सांगायचं मी आठ वर्षं टाळत आलो. घरात कुत्र्यांचा विषय निघाला की मी मांजरांवर घसरायचो. आता पंच्याहत्तरी उलटली, तेव्हा लिहून टाकतो.

शिक्षकी संपल्यावर अकोल्यात वेळ जाईना, म्हणून मी प्राचीन कुत्र्या-मांजरांवर मिळेल ते वाचत सुटलो. इजिप्तच्या थडग्यांत रंगवलेले सडपातळ शिकारी कुत्रे, चीनच्या राजवाड्यातली बाहीत मावणारी चपट्या नाकाची कुत्री, उंदरांच्या लोभानं आपणहून माणसाकडे आलेलं आणि अजूनही स्वतःच्या मर्जीनं राहणारं मांजर. ऐकणारा सापडला की मी त्याला सोडत नसे. त्यामुळे दर्यापूरच्या एका कृषी प्रदर्शनात श्वानस्पर्धा ठरली, तेव्हा परीक्षक म्हणून मलाच बोलावलं.

एका संत्रा बागायतदारानं मला स्वतःच्या गाडीतून नेलं. शेजारी त्याचा कारवानी जातीचा शिकारी कुत्रा बसला होता. लांब तोंड, आत गेलेलं पोट, आणि वाटेत माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. याला म्हणतात खानदानी, असं मला वाटलं.

स्पर्धेत सात कुत्रे होते. सर्वांत शेवटी भाजी पिकवून विकणारी एक बाई आली. तिच्या हातात लुगड्याची चिंधी, चिंधीला बदामी रंगाचा, उभ्या कानांचा, वळलेल्या शेपटीचा गावरानी कुत्रा.

"नाव काय याचं?" मी विचारलं.

"नाव काहाले पायजे, गुरुजी? 'ए' म्हनलं का येते."

परीक्षा सोपी होती. समोर परडीत भाकर ठेवायची. मालकानं सांगेपर्यंत कुत्र्यानं खायची नाही. लॅब्राडोरनं भाकर खाल्ली आणि परडीही चावली. दोघांनी एकमेकांच्या भाकरीवर झडप घातली. कारवानीनं वास घेऊन तोंड फिरवलं आणि मालक 'खा, खा' म्हणत राहिला तरी ढुंकून पाहिलं नाही. बाईचा कुत्रा मात्र लाळ गाळत, तिच्या तोंडाकडे पाहत बसून राहिला. ती घरी पहिली भाकर त्याला घालायची, पण 'खाय' म्हटल्याशिवाय तो शिवत नसे. ती 'खाय' म्हणाली आणि भाकर नाहीशी झाली.

निकाल उघड होता. मी मात्र पहिला नंबर कारवानीला दिला आणि माइकवर सांगितलं, "गावठी कुत्रे स्पर्धेत धरता येत नाहीत. नियम आहे."

"काहून?" बाई मांडवातून ओरडली. "वांगं म्हनाल तं गावरानी पायजे, कोंबडी म्हनाल तं गावरानी पायजे. मंग कुत्र्यानंच कोनतं पाप केलं?"

मांडव खदखदून हसला. मला ते झोंबलं. मी म्हणालो, "कारवानीला इतिहास आहे, बाई. याला काय आहे?"

आता लोक तिला हसले. तिनं चिंधी ओढली. "चाल रे बापा. तुह्यापाशी इतिहास नाई म्हनते."

पुढे वाचता वाचता कळलं की आपल्या गावांतून फिरणारा तो बदामी कुत्रा फार जुन्या वळणाचा आहे. कुणी जोड्या लावून घडवलेला नाही. हजारो वर्षं माणसाच्या उकिरड्याशेजारी राहून, ऊन आणि उपास सोसून, आपला आपण घडला. परक्यावर संशय, घरच्यावर जीव.

मग तिला सांगायला मी चार वेळा काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन दर्यापूरला गेलो. चारही वेळा तिच्या दुकानापुढे उभा राहून वांगीच मागितली आणि परतलो.

"वांग्यासाठी अकोल्याहून येता, गुरुजी?"

"चव आहे तुमच्या वांग्यांना."

"गावरानी हायेत. इतिहास नाई त्यायले!" असं म्हणून ती इतकी हसायची की मीही हसायचो, आणि बोलायचं राहून जायचं. घरी बायको विचारायची, "अकोल्यात वांगी उगवत नाहीत का हो?"

पाचव्या वेळी कागदावर लिहूनच नेलं. दुकानात सून बसली होती. म्हणाली, "माय वारली, गुरुजी, पोयाच्या दिसी. थो तिचा कुत्रा, आता मह्याच तोंडाकडे पाहाते." दुकानाच्या फळीखाली तोच बदामी कुत्रा, तोंडाशी पांढरा झालेला. मी वांगी घेतली. कागद खिशातच राहिला. त्यावर एवढंच आहे:

"बाई, असा नियम कुठंच नव्हता. तो मी तिथंच उभ्या-उभ्या केला, कारण मी ज्याच्या गाडीतून आलो त्याचा कुत्रा हरत होता. पहिला नंबर तुमचा होता. मला माफ करा."