गिरणीतल्या पिठावरची पावलं

गिरणीवाल्या काकूंचा जन्मच मुळी संशय घ्यायला झाला होता. दळणाचा डबा पुढं आला की त्या आधी डब्याकडे नाही, माणसाच्या डोळ्यांकडे बघायच्या. गावात पाण्याच्या मोटारींच्या वायरी चोरीला जायला लागल्या, तेव्हा सुरक्षा समितीसाठी सगळ्यांनी एकमुखानं त्यांचंच नाव घेतलं. नवऱ्यालासुद्धा खिसे तपासून घरात घेणारी बाई, दुसरं कोण मिळणार!

समितीनं ठरवलं, पुलावर टवाळक्या करणाऱ्या पोरांना कामाला लावायचं, म्हणजे वाईट मार्गाला लागणार नाहीत. काकूंच्या वाट्याला आला भुंगा. वायर चोरताना एकदा सापडलेला. हवालदारांनी दम देऊन सोडला होता, पुन्हा तक्रार आली तर थेट सुधारगृह.

भुंगा मान खाली घालून राबायचा. काकूंना तेच खुपायचं. "एवढा गुणी? कुठंतरी पाणी मुरतंय!"

मग त्यांनी शक्कल काढली. संध्याकाळी भुंग्याला घरी पिटाळलं, दिवा लावला आणि चाळणीनं जमिनीवर पीठ भुरभुरवत मागं मागं दारापर्यंत आल्या. दाराजवळचं दिव्याचं बटण बंद करून कुलूप घातलं आणि ऐटीत समितीच्या बैठकीला गेल्या. आता उतर म्हणावं खिडकीतून!

सकाळी दार उघडलं आणि काकू उंबऱ्यातच थबकल्या. खिडकीपासून आत अनवाणी पावलं! मोटार, पट्टा, डबे, सगळं जागच्या जागी होतं. पण काकू कसल्या ऐकतायत. "आज पाहणी, उद्या चोरी," म्हणत त्यांनी हवालदारांना बोलावलं.

भुंगा कामावर आला तो आयताच सापडला.

"काकू, मेन स्विच चालू राहिला होता. खिडकीतून त्याचा लाल दिवा दिसला. मागं एकदा वायर जळाली होती ना, म्हणून बंद करून आलो."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"बैठक माझ्यासारख्यांवरच चालली होती. मला आत कोण घेणार?"

"थापा मारू नकोस! मी स्विच विसरत नाही, समजलं?"

हवालदार त्याला घेऊन गेले. काकू झाडू घेऊन वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. पावलं खिडकीतून सरळ पलीकडच्या भिंतीवरच्या मेन स्विचपाशी गेली होती आणि तिथूनच मागं फिरली होती. मोटारीकडे एकही वळलं नव्हतं. पीठ तर दिव्याच्या उजेडात पेरलेलं, म्हणजे तेव्हा स्विच चालूच होता. आणि त्यानंतर तिथवर काकूंच्या चपलेचा एकही ठसा नाही. सापळा लावायच्या नादात बाई स्विचच विसरली होती!

झाडू तिथंच टाकून काकू चौकीकडे धावल्या. "माझीच चूक झाली हो! माझी काही तक्रार नाही, सोडा पोराला!" बोलताना त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली की मान वर होईना.

दोघं परत आले. काकू लगबगीनं आत शिरल्या. "ये रे बाबा, दळणं खोळंबलीत."

भुंगा उंबऱ्याबाहेरच थांबला. त्यानं जमिनीकडे बघितलं.

"आधी ते पीठ झाडून घ्या, काकू," तो म्हणाला. "मग येतो."