चार दिवसांच्या सामन्याला गर्दी जमवताना

मागच्या खेपेला हुबळीत चार दिवसांचा सामना झाला, तेव्हा मी चारही दिवस प्रेक्षकांत बसलो होतो. आजूबाजूला एवढी मोकळी जागा होती, की मी सगळ्यांच्या नजरेत भरलो. म्हणून पुढच्या सामन्याची तयारी सुरू झाली तेव्हा, हाताशी असलेला एकमेव प्रेक्षक या नात्याने, मला संयोजन समितीवर घेण्यात आलं.

समितीचे अध्यक्ष मोठे बिल्डर. कसोटी क्रिकेट मरतंय याचं त्यांना फार दुःख. एकही चेंडू न बघता ते हे दुःख सोसत होते. "कसोटी जगवायची तर कसोटीचे खेळाडू घडवणारे असले चार दिवसांचे सामने परवडले पाहिजेत, आणि त्यासाठी गर्दी हवी," ते म्हणाले. मी सुचवलं, डोक्यावर सावली करा, प्यायला पाणी ठेवा, धारवाडहून बसची सोय करा. सगळ्यांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. मग पोक्त विचारांती ठरलं, की डीजे आणायचा आणि शेवटच्या दिवशी सोडत काढून एका भाग्यवंताला मिक्सर द्यायचा.

मिक्सरचं ऐकून माझी मोठी बहीण चौथ्या दिवशी माझ्याबरोबर आली. अक्का तहसील कचेरीतून निवृत्त झालेली. क्रिकेटशी तिचा संबंध एवढाच, की त्यामुळे तिच्या मालिका बुडायच्या. अध्यक्षांनी मांडव घातला होता, पण सोडतीच्या पेटीसाठी. तिथे खरोखर गर्दी होती. आम्ही चुरमुऱ्यांचं गिरमिट घेऊन बसलो. डीजे इतका जोरात वाजत होता, की पंच स्वतः सीमारेषेपर्यंत येऊन हात जोडून गेले. चहापानानंतर तो बंद झाला आणि पहिल्यांदाच बॅटचा आवाज ऐकू आला.

आमच्या संघाला जिंकायची आशा नव्हती. संध्याकाळपर्यंत तग धरायचा, एवढंच.

"हा मारत का नाही रे?" अक्काने विचारलं.

"मारायला गेला तर आउट होईल. त्याला टिकायचंय."

"आणि तो बोलिंग टाकणारा?"

"याला मोह पाडतोय."

अक्काने पुढचं षटक नीट पाहिलं. "म्हणजे आमच्या कचेरीसारखंच. साहेब काय वाट्टेल ते बोलू दे, आपण खुर्ची सोडायची नाही."

त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही. बोलली ती फलंदाजाशी. "अरे, तिकडचा माणूस मुद्दाम काढलाय त्याने! मारू नको रे बाबा!"

शेवटचं षटक आलं तेव्हा शेवटची जोडी खेळत होती. नेमकी तेव्हाच सोडतीसाठी बोलावलेल्या प्रमुख पाहुण्यांना विमानाची घाई झाली. निवेदक माइक घेऊन आमच्या पुढ्यात उभा राहिला आणि त्याने नंबर पुकारला. मी तिकीट पाहिलं.

"अक्का, आपलाच नंबर!"

"गप्प बस."

"अगं, मिक्सर!"

"स्वल्प तडी!" तिने मला कानडीत थांबवलं आणि निवेदकावर ओरडली, "ओ, कुंद्री खाली! दिसत नाहीये!"

मागून आणखी दहा जण ओरडले, "कुंद्री, कुंद्री!" निवेदक बसला. बसल्या बसल्या त्याने दुसरा नंबर पुकारला, मग तिसरा. कुणी उठलं नाही. शेवटचा चेंडू पॅडवर आदळला, अख्खा विरोधी संघ किंचाळला, पंचांनी नकारार्थी मान हलवली आणि सामना वाचला. अक्काने शेजारच्या अनोळखी बाईचा दंड इतका घट्ट धरला होता, की ती बाई आनंदाने ओरडली की दुखून, कळलं नाही. पाहुण्यांनी मिक्सर अध्यक्षांनाच देऊन फोटो काढला.

पुढे आढावा बैठक झाली. मिक्सरला प्रतिसाद थंड होता, सबब पुढच्या वेळी फ्रिज ठेवावा, असं मत पडलं.

मी म्हणालो, "लोक खेळ बघत होते, म्हणून कुणी उठलं नाही."

"ते खरं हो," अध्यक्ष समजुतीने म्हणाले, "पण खेळ रंगणं आपल्या हातात कुठं असतं? फ्रिज असतो."

मग कुणीतरी सुचवलं, की चार दिवसांपेक्षा वीस षटकांची स्पर्धा भरवली तर मांडवाचं भाडंही वाचेल. कसोटी जगवायचा हा उपाय सर्वांना पटला.

घरी येऊन हे अक्काला सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "पुढचा चार दिवसांचा सामना कुठं आहे?"

"शिवमोग्ग्याला, म्हणतात."

"मग उतरायची सोय बघ. आणि पहिल्या दिवसापासून हां. या वेळी मला मधूनच आणलंस."