पासवर्ड बरोबर होता

सविता. घनसावंगीची. गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी तिच्यावर अन्याय केला — आणि आजवर हे एका माणसालाही सांगितलेलं नाही.

तुम्ही मला ओळखता. रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन बायांना रिकाम्या हाती परत पाठवतं, तेव्हा ‘यंत्राचा दोष गरिबाच्या माथी मारू नका’ असं पत्रक लिहिणारा मीच. राजूरला मंदिराबाहेर उभं राहून ते लोकांना वाटणाराही मीच. मंग माझ्या यंत्राचं काय?

मस्तगडच्या आमच्या संघटनेच्या खोलीत सविता कॉम्प्युटर चालवायची. गावागावांच्या पाण्याच्या तक्रारी सरकारी साइटवर पाठवायला मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता — काळी खिडकी उघडायची, हुकूम टाइप करायचा, बस. त्या सोमवारी मुदत संपत होती. प्रोग्राम अडला. पडद्यावर ओळ आली: ‘पासवर्ड चुकीचा आहे.’ तिनं पुन्हा टाकला. पुन्हा. किती वेळा — ते विचारायची हिंमत मला आजही नाही. मुदत गेली. गावांचे टँकर लांबले.

पासवर्ड बरोबर होता. कॉम्प्युटरची डिस्क भरली होती, एवढंच. पण मी प्रोग्राम असा लिहिला होता की काहीही बिघडो — नेट जावो, डिस्क भरो — ओळ तीच दिसणार. का? कारण लिहितानाच मी धरून चाललो होतो, चुकेल ती चालवणारी. मी कशाला चुकेन?

मुदत का चुकली यावर संघटनेची बैठक बसली; हे मला तिच्या आधीच कळलं होतं. आधीच! बैठकीत एक जण म्हणाला, “सविते, बोटं घरी ठिवून आल्तीस का?” सगळे हसले. ती माझ्याकडे वळली. “भाऊ, म्या बराबरच टाकला व्हता. तुम्ही एकदा मशीन बघा ना.”

“बघतो,” म्हणालो. बघून झालं होतं.

बैठकीनं तिला कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी मी ती ओळ गुपचूप बदलली. नंतर एका झेरॉक्सवाल्यानं तिला कामावर घ्यायच्या आधी आम्हाला फोन केला. “निष्काळजी आहे,” आमच्यातल्यानं सांगितलं. मी शेजारी बसून चहा पीत होतो. तिथंही तिला काम मिळालं नाही.

ती निष्काळजी आहे, असं आमचं ऐकून तुम्ही ज्याला ज्याला सांगितलं असेल, त्याच्याकडे आज जा. माझं नाव घ्या. चूक याची होती आणि याला ती ठाऊक होती, असं सांगा.