मोटारीला जुंपलेले बैल

गेल्या माघात माझी बायको सुभद्रा वारली. तेराव्याला साखऱ्याहून तिच्या माहेरची माणसे आली. जेवणे उरकल्यावर तिचा भाऊ म्हणाला, मोटारीची गोष्ट सांगा. मला तेव्हा बोलता आले नाही, म्हणून आता लिहितो.

लग्नात सासऱ्यांनी मला लाल कंधारी बैलांची जोडी दिली होती. ती विकून मी नांदेडच्या एका वकिलांची जुनी मोटार घेतली. हैदराबादेत शिकलेल्या माणसाने बैलगाडीतून हिंडू नये, असे माझे तेव्हाचे मत होते. सासऱ्यांनी त्यांचे मत सांगितले नाही. त्यांनी माझ्याशी बोलणेच सोडले. दोन वर्षे ते आमच्या सेनगावच्या घराची पायरी चढले नाहीत.

मग निरोप आला, की ते काशीला निघालेत. त्या काळी म्हातारे माणूस काशीला निघाले, की परत येईल असे धरून कोणी चालत नसे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी साखऱ्याहून त्यांच्या गाड्या वाशीमच्या स्टेशनाकडे सुटणार होत्या. सुभद्रा मला एवढेच म्हणाली, की बापाच्या पाया पडायचे आहे आणि उशीर चालणार नाही. मी म्हणालो, दारात मोटार असताना उशीर कसला?

सकाळी दोघे बसलो. मी खटका दाबला. आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि मोटार गप्प. पुन्हा दाबला. पुन्हा कट्. (हँडल फिरवून गाडी सुरू करता आली असती, पण हँडल विहिरीत पडले होते. ती हकिकत निराळी आणि तीही माझ्याच अब्रूची आहे.)

मी मोटारीची इंग्रजी पुस्तिका काढली. दिवे लावून पाहा, असे तिच्यात होते. लावले, तर लख्ख लागले. आता खटका दाबा. दाबला, तर दिवे मिणमिणले. दिवे मिणमिणत असतील तर, असे लिहून पान संपले होते आणि पुढचे पान वाळवीने खाल्ले होते.

“वाळवीला तरी समदं कळलं असंल,” सुभद्रा मागच्या सीटवरून म्हणाली.

मग गल्लीतल्या चौघांनी मोटार ढकलली. ती उताराला लागली, वळणावर माझे ऐकेनाशी झाली आणि शेजारच्या नामदेवच्या काळ्या रानात रुतून बसली. नामदेवने बैल आणले. आता सांगायलाच हवे, की माझी जोडी विकत घेणारा माणूस म्हणजे हाच नामदेव.

बैलांनी मोटार चिखलातून सहज काढली. पण रस्त्यावर आल्यावर थांबायला ते तयार होईनात. ते साखऱ्याच्या वाटेला लागले.

“वढून राहिलेत तं वढू द्या, मालक,” नामदेव म्हणाला. “बैलायचं बी माहेर हाय ते.”

असे आम्ही साखऱ्यात शिरलो. पुढे बैल, मागे मोटार, मोटारीत हॅट घालून चाक धरलेला मी. गाड्या जुंपून उभ्या होत्या. सासरे पुढे आले. बैलांनी त्यांचा हात चाटला. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हसायला सुरुवात केली. हसता हसता ते तिथल्या दगडावर बसले.

“जावईबापू, माझे बैल इकून हे घेतलं, आन् हे वढायला पुन्यांदा माझेच बैल व्हय?”

दोन वर्षांनी ते माझ्याशी बोलले होते. मी म्हणालो, “आता ते नामदेवचे आहेत.” (खरे बोलण्याची माझी खोड नेमकी अवेळी उफाळते.)

बैलांच्या मोलाचे असे आत काय आहे ते दाखवा, असे ते म्हणाले. नामदेवने बैल सोडून बाजूला धरले आणि मी बॉनेट उघडले. बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांना वाळलेल्या हळदीचा थर होता, वर कुंकू, अक्षता आणि गुंडाळलेला दोरा. खंडेनवमीला मोटारीची पूजा करायच्या वेळी सुभद्रेने विचारले होते, हिचा जीव कुठे असतो. मी बॅटरी दाखवून विजेवर व्याख्यान दिले होते आणि पूजेला अडचण नको म्हणून तारा सोडून दिल्या होत्या. पूजेनंतर त्या हळदीवर मीच त्या पुन्हा घट्ट बसवल्या. हळद वसमतची, अस्सल. तिच्यातून वीज कशी जाणार?

“पोरीनं पूजा बराबर केली,” सासरे म्हणाले. “जीवच गुदमरला मोटारीचा.”

सुभद्रेने अंबाड्यातला आकडा काढून माझ्या हातात दिला. मी खुंट्या खरवडल्या, तारा आवळल्या, खटका दाबला. मोटार अशी गरजली, की बैल नामदेवला घेऊन तुरीत घुसले.

सासरे आपली गाडी सोडून लेकीशेजारी मोटारीत बसले. निघताना नामदेवला त्यांनी बजावले, “बैलं मागून येऊ दे. लागतील.”

लागले नाहीत. वाशीमच्या फलाटावर सुभद्रा बापाच्या पाया पडली. मग मीही पडलो. काशीहून ते सुखरूप आले आणि आधी आमच्याच घरी उतरले. त्या दिवशी मोटार पहिल्या खटक्याला सुरू झाली असती, तर ते लेकीला आशीर्वाद देऊन, माझ्याशी न बोलताच गेले असते. त्या हळदीचे उपकार मी विसरलेलो नाही.

आता सुभद्रा नाही. सासरेही नाहीत. मोटार गोठ्यात आहे. मागच्या सीटवर एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते. पुढच्या सीटवर मी बसतो आणि ती उठेल म्हणून खटका दाबत नाही.