यमुनाक्कांचा सडा

यमुनाक्कांच्या घरात सडा घालून दारच्या रांगोळीचं कोलम पुरं होईपर्यंत कोणाला सकाळची कॉफी, त्यांच्या भाषेत कापी, मिळत नसे. नवऱ्यालाही नाही. सूर्य वर यायच्या आत दारापुढचा रस्ता ओला आणि त्यावर पांढरं कोलम, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. "लक्ष्मी आधीं येते, दूधवाला मागून," असं त्या म्हणत.

तंजावूरच्या राजवाड्यामागची आमची गल्ली अरुंद; थोडी घरं आमच्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली मराठी, बाकी तमिळ. मी पहाटे पळायला निघाले की अक्का बादली घेऊन दारात उभ्या असत. "कोण लागलें गे तुझ्या मागें?" हा त्यांचा रोजचा प्रश्न.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्याच दारापुढे पडले आणि घोटा मोडला. कारण साधं होतं. मनगटावरच्या घड्याळात वेळ बघत पळत होते, पाय खड्ड्याच्या कडेवर पडला. पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बूट घालून पळते म्हणून गल्ली आधीच मला हसत होती. बायका धावत आल्या, कशी पडलीस विचारू लागल्या आणि माझ्या तोंडून निघालं, "अक्कांच्या पाण्यावरून घसरले." मग दवाखान्यात, ऑफिसात, तमिळमध्ये आणि मराठीत, सगळीकडे मी तेच सांगितलं.

प्लास्टर असेपर्यंत अक्का डब्यातून रसम-भात पाठवत राहिल्या.

प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, पळा. मी बूट चढवायचे, दारात यायचे आणि चालत कोपऱ्यापर्यंत जाऊन परतायचे. पाय उचललाच जाईना. त्याच आठवड्यात अक्कांचे यजमान मला म्हणाले, "आतां कापी सात वाजतां. तुझी कृपा!" मी रस्त्यावरून परतल्याशिवाय अक्का पाणी टाकत नव्हत्या. चाळीस वर्षांचा नेम माझ्यासाठी मोडला होता.

एका सकाळी त्यांनी मला दारात थिजलेली पाहिलं. "हाड जुळलें, मग थांबलीस कां? चल. माझ्या वासलापासून सरोजाच्या वासलापर्यंत." सरोजा म्हणजे शेजारीण; दोन दारांमध्ये वीस पावलंही नव्हती. मी म्हटलं, हे काय पळणं? "किलोमीटर तुझ्या घड्याळांत ठेव. आज एक वासल."

दुसऱ्या दिवशी दोन, मग चार. अक्का नऊवारी खोचून मागून चालत आणि प्रत्येक दाराला तमिळमध्ये ओरडत, "पाणी टाकू नका, ही पळते आहे!" बायका भरल्या बादल्या धरून उभ्या राहत. माझ्या एका थापेसाठी अख्खी गल्ली खोळंबली होती. मी मान खाली घालून पळायचे. लोकांना वाटे, खड्डे बघते.

महिन्याभरात राजवाड्याच्या भिंतीपर्यंत न थांबता पोचले. परत येऊन अक्कांना म्हटलं, "अक्का, त्या दिवशी रस्ता कोरडा होता."

"ठाऊक आहे. बादली भरलेली माझ्याच हातांत होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तूं पाय धरून रडत होतीस. तेव्हां तंटा करूं?" त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "मला सांगून काय? गल्लीभर सांगितलेंस, गल्लीभर परत घे."

"घेते," मी म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सडा पुन्हा पहाटे सुरू केला. मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिले.

पोंगलनंतर अक्का मुलाकडे कोइमतूरला कायमच्या निघाल्या. ऑटोपाशी गल्ली जमली. सरोजा डोळे पुसत थट्टेने म्हणाली, "जा अक्का, आता तरी आमच्या पोरीबाळींचे पाय शाबूत राहतील!"

सगळ्या हसल्या. अक्काही हसल्या आणि माझ्याकडे पाहत थोडा वेळ थांबल्या. मीही हसले. मग त्या ऑटोत बसल्या.

हल्ली मी रोज पाच किलोमीटर पळते, पायाची काही तक्रार नाही. जे तेव्हा बोलायचं होतं ते आज इथे लिहिलं आहे, वडिलांनी घरी गिरवून घेतलेल्या अक्षरांत. आमच्या गल्लीत देवनागरी वाचणारं आता कोणी नाही.