अण्णांच्या नावापुढचा शब्द

"कोडर लिहा. प्रोग्रॅमर नको. कागदोपत्री ते कोडरच होते."

दाराआडून सबनीससाहेबांचा आवाज आला. हेडक्लार्क गुरव "व्हय साहेब" म्हणाले आणि बाहेर येऊन कच्चा कागद त्यांनी माझ्या टाइपरायटरशेजारी ठेवला. गिरणीतल्या आमच्या कॉम्प्युटर विभागातले नरसय्याअण्णा तीन दिवसांपूर्वी हृदयविकाराने गेले होते. चार वाजता शोकसभा होती. तिथे वाचायचा ठराव मला टाइप करायचा होता... आता त्याला दीड महिना झाला.

विभाग म्हणजे तीन टेबलं आणि कार्डांना भोकं पाडायचं एक यंत्र. खरा कॉम्प्युटर मुंबईच्या मुख्य कचेरीत. आमची कार्डं पेटीत घालून रेल्वेने तिकडे जायची आणि दोन-तीन दिवसांनी उत्तर यायचं. साहेब इंजिनिअर, म्हणून पदाने प्रोग्रॅमर. विचार त्यांनी करायचा, तो यंत्राला कळेल अशा भाषेत अण्णांनी उतरवायचा, मी त्याची कार्डं पंच करायची, अशी वाटणी होती. निदान कागदावर.

अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरातले. घरी तेलुगू, गिरणीत मराठी. आधीची वीस वर्षं त्यांनी जेकार्ड चादरींच्या नक्षीचे पुठ्ठे कापण्यात घालवली होती. पुठ्ठ्याला जिथे भोक, तिथे मागावर धागा वर उचलला जातो. ते पुठ्ठे क्रमाने दोऱ्याने एकमेकांना शिवतात. आमच्याकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात अण्णांनी शंभरेक कार्डांचे कोपरे टोचले आणि सगळी ओळीने शिवून मुंबईला पाठवली. पेटी तशीच परत आली, सोबत एक संतापलेली चिठ्ठी: यंत्राला कार्डं सुटीच लागतात.

"अण्णा, कार्डांची गोधडी केली की हो तुमी," गुरव म्हणाले.

"पुठ्ठे शिवले न्हाय तर मोर उलटा विणला जातो, बाबा. ह्ये मशीन मोर विणत न्हाय, हे मला कुणी सांगितलं?"

मी सहसा कुणाशी बोलत नसे. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं, मराठी बोलताना वाक्य आधी मनात जुळवावं लागायचं. तरी एकदा त्यांना विचारलं, कोडर आणि प्रोग्रॅमर यांच्यात नेमका फरक काय?

"साहेबांना पंखा हाय, मला खिडकी," ते म्हणाले. मग हातातलं कार्ड उजेडाकडे धरून म्हणाले, "आमच्यात नक्षी काढणारा येगळा, पुठ्ठा कापणारा येगळा. पण नक्षीतली चूक कापणाऱ्याला आधी दिसते. तो गप बसून ती दुरुस्त करतो. मग त्याला काय म्हणायचं? तू शिकलेली हायस, तूच सांग अम्मा."

लहान वयाच्या बाईला ते तेलुगू रीतीने अम्मा म्हणायचे. पद बदलून मिळावं म्हणून त्यांनी दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा उत्तर आलं की पदवी नाही. धाकट्या मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात ते दरवर्षी अडायचे. कोडर लिहिलं की बाई विचारायच्या, म्हणजे काय?

गेल्या वर्षी त्यांनी आलेखाच्या कागदावर चार महिने खपून एक प्रोग्रॅम बसवला. कोणत्या मागावर कोणती चादर लावली तर सुताचे रंग कमीत कमी वेळा बदलावे लागतील, हे त्यातून कळायचं. साहेबांनी तो एकदा वरवर चाळला, एवढंच. त्याचं प्रत्येक कार्ड मी अण्णांच्या हस्ताक्षरावरून पंच केलं. मुंबईहून मोठे अधिकारी पाहायला आले तेव्हा सबनीससाहेब म्हणाले, "हे मी बसवलंय. हवं तर या बाईंना विचारा, सगळी कार्डं त्यांनीच केलीत."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अण्णा खिडकीशी उभे होते. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती... मी 'हो' म्हणून मान हलवली.

दुपारी अण्णांनी नेहमीसारखा कप माझ्यासमोर ठेवला. "चहा गार होतोय, अम्मा." ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यानंतर त्यांनी तिसरा अर्ज केला नाही. टेबलात अर्धवट लिहिलेला सापडला, ते गेल्यावर.

सभा चादरींच्या घड्या घालतात त्या घडी खात्याच्या हॉलमध्ये होती. पुढच्या ओळीत त्यांच्या पत्नी लक्ष्मीअक्का, शेजारी ती धाकटी मुलगी. उच्चार स्वच्छ म्हणून ठराव मीच वाचावा, असं साहेबांनी ठरवलं होतं. पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. तिसरी माझ्याच हातची टाइप केलेली, 'विभागाचे कोडर नरसय्या यांनी सबनीससाहेबांच्या मार्गदर्शनाखाली...' मी थांबले. गुरव खाकरले. साहेबांनी पेनाने कागदाकडे खूण केली, वाचा. मुलगी माझ्याकडे बघत होती. वाक्य मनात जुळवायला वेळ नव्हता.

"रंगांचा तो प्रोग्रॅम अण्णांनी लिहिला," मी म्हणाले. "एकट्यांनी. मुंबईच्या साहेबांसमोर मी मान हलवली, ते खोटं होतं."